फौंड्रीतील समर इंटर्नशिप: रिजेक्शनचा खर्च काढण्याचा प्रकल्प वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पेलेल का?

प्रश्न: बीकॉमनंतर_एमबीए

नमस्कार. एमबीएच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी सध्या कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) आठ आठवड्यांची समर इंटर्नशिप करीत आहे. येथे ट्रॅक्टर आणि मालवाहू वाहनांसाठी ग्रे आयर्नची (बिडाची) कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, तयार होतात. माझी पदवी वाणिज्य शाखेची असल्यामुळे भट्टी, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा भाग), फेटलिंग (कास्टिंगवरील जादा धातू काढून ते साफ करणे) हे शब्दही येथे आल्यावरच प्रथम कानावर पडले.

महाविद्यालयाकडून मंजूर झालेला विषय ‘इन्व्हेंटरी व्यवस्थापनाचा अभ्यास’ असा आहे. त्यासाठी कामगारांकडून प्रश्नावली भरून घ्यावी आणि सांख्यिकी कसोटी लावावी, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा आहे. कंपनीने मला सुरुवातीला स्टोअरमध्ये बसवले. तेथे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) लिहिणे आणि बिन कार्डावरील (प्रत्येक वस्तूच्या साठ्याच्या कार्डावरील) शिल्लक जुळवणे याखेरीज फारसे काम मिळाले नाही. त्यानंतर वर्क्स मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितले, “स्टोअरचं राहू दे. रिजेक्शनमध्ये नेमका किती पैसा जातो, तेवढं काढून दे.” एवढे बोलून ते गेले आणि पुन्हा भेटायचे तर त्यांना शॉपमध्येच गाठावे लागते.

आता अडचण अशी की, गुणवत्ता विभागाच्या मासिक अहवालात रिजेक्शनची, म्हणजे दोषामुळे बाद झालेल्या मालाची, एक टक्केवारी आहे, उत्पादन विभागाच्या फळ्यावर दुसरीच आहे आणि लेखा विभागात ग्राहकांकडून आलेल्या डेबिट नोटांची (बिलातून रक्कम कापल्याच्या पत्रांची) बेरीज या दोहोंशीही जुळत नाही. प्रत्येक विभाग आपलाच आकडा बरोबर असल्याचे सांगतो. मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. धातुशास्त्राचा गंध नसताना हा विषय घेणे शहाणपणाचे ठरेल का? घेतला, तर कोणत्या नोंदींपासून सुरुवात करावी? आणि मंजूर विषय बदलल्यास महाविद्यालयात अडचण येईल का?

उत्तर: शिरोलीकर

विषय जरूर घ्या. दोष का आला हे शोधण्याच्या भरीस मात्र पडू नका. ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूमुळे राहिलेले छिद्र) वाळूतील ओलाव्यामुळे आला, कोअरमधील वायूमुळे आला की धातू थंड ओतल्यामुळे, यावर वर्षानुवर्षे मेल्टिंगमध्ये (धातू वितळवण्याच्या विभागात) घालवलेली माणसेही एकमेकांशी वाद घालतात. त्या वादात दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याने मत देण्यात अर्थ नाही. दोष कोठे सापडला आणि तेथे सापडल्यामुळे किती खर्च वाढला, हा प्रश्न मात्र कोणत्याही फौंड्रीत कोणी नीट मांडलेला नसतो, आणि तो वाणिज्याच्या विद्यार्थ्यानेच मांडावा असा आहे.

तुमचे तीन आकडे जुळत नाहीत यात नवल काहीच नाही. उत्पादन विभाग बहुधा नग मोजतो, गुणवत्ता विभाग किलो मोजतो. दीड किलोचे दहा ब्रॅकेट आणि चाळीस किलोचे एक हाउसिंग यांचा हिशेब नगांत केला तर एक चित्र दिसते, वजनात केला तर अगदी उलटे. दुसरा आणि अधिक मोठा घोळ काळाचा आहे. मार्चमध्ये ओतलेले कास्टिंग एप्रिलमध्ये रवाना होते, ग्राहकाकडे मशिनवर चढल्यावर त्यातील ब्लोहोल उघडा पडतो आणि ते मे महिन्यात परत येते. मासिक अहवालात मात्र मेमध्ये परत आलेल्या मालाला मेमधीलच रवानगीने भागले जाते. ज्या महिन्यात ऑर्डर घटते त्या महिन्यात भाजक लहान होतो आणि टक्केवारी आपोआप चढते. त्यावरून बैठकीत मोल्डिंगच्या (साचे बनवणाऱ्या) माणसांना बोलणी बसतात, वास्तविक त्या महिन्यात त्यांचे काम चांगलेही झालेले असू शकते.

यावर उपाय कास्टिंगच्या अंगावरच असतो. एखादे नाकारलेले कास्टिंग हातात घेऊन नीट पाहा. त्यावर पार्ट नंबरच्या जवळपास उठावाचे छोटे आकडे दिसतील. त्यांतील एक भाग तारीख आणि पाळी किंवा हीट (भट्टीतील धातूची खेप) सांगतो. पॅटर्नवरील (ज्यावरून वाळूत साचा उठवतात त्या नमुन्यावरील) ते आकडे मोल्डिंगवाले बदलत राहतात. दुसरा आकडा कॅव्हिटीचा (साच्यातील एका नगाच्या पोकळीचा) असतो आणि तो कायमचा असतो. साच्याच्या एका बॉक्समध्ये चार नग ओतले जात असतील तर त्यांवर एक ते चार असे क्रमांक उमटतात. परत आलेल्या प्रत्येक नगावरून ही माहिती वहीत उतरवा आणि नग ज्या दिवशी ओतला गेला त्या दिवसाच्या उत्पादनाशी त्याची सांगड घाला. एवढे केले की टक्केवारी प्रथमच खरी होईल. शिवाय अनेकदा असे आढळते की चारपैकी एकाच कॅव्हिटीत निम्म्याहून अधिक दोष साठलेले आहेत. हे शोधायला धातुशास्त्र लागत नाही, वही आणि चिकाटी लागते.

सगळे पार्ट घेऊ नका. वजनाने आणि रिजेक्शनने मोठे असे दोन-तीन पार्ट निवडा आणि त्यांचाच माग काढा. नॉकआउटनंतर (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढल्यावर), फेटलिंग व अंतिम तपासणीत आणि ग्राहकाच्या मशिन शॉपमध्ये, अशा तीन टप्प्यांवर किती नग बाद झाले हे वेगवेगळे लिहा. पृष्ठभागावर दिसणारे दोष, म्हणजे मिसरन (साचा पूर्ण न भरणे), कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळणे), बॉक्स सरकल्याने आलेला मिसमॅच, हे बहुतांशी घरातच पकडले जातात. कातडीखालचा ब्लोहोल आणि वाळूचा कण मात्र पहिला कट घेतल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ग्राहकाकडचे रिजेक्शन हा केवळ तपासणीतील ढिलाईचा मामला आहे असे समजू नका, जरी ग्राहकाची पत्रे तसेच म्हणत असली तरी.

तुमचा काळ मे ते जुलै असेल, तर पावसाची नोंद ठेवा. जूनच्या मध्याला आपल्याकडे हवा बदलते, कोअर ओलावा धरू लागतात, उघड्यावर पडलेली नवी वाळू भिजते. सँड लॅबमध्ये वाळूतील ओलावा दिवसभरात अनेकदा तपासून रजिस्टरमध्ये लिहिलेला असतो. ते रजिस्टर मागून घ्या. पावसाआधीची आणि नंतरची आकडेवारी एकत्र करून सरासरी काढली, तर जे दिसायला हवे तेच झाकले जाईल.

आणखी एक, जरा काळजीपोटी. भट्टीजवळ जाताना सुती कपडे आणि सेफ्टी शूज घाला. पॉलिस्टरचा शर्ट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. लॅडल (वितळलेला धातू नेणारे पात्र) ज्या वाटेने जाते त्या वाटेत उभे राहून वहीत लिहू नका आणि पाण्याची बाटली मेल्टिंगच्या ओट्यावर नेऊ नका. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडले की स्फोट होतो, आणि तेथे विद्यार्थी म्हणून कोणाला सवलत मिळत नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनांची कास्टिंग्ज ओतली जात होती त्या काळापासून कोल्हापूरच्या मिस्त्रींनी हे शिस्तीने पाळले आहे. मिस्त्री जेथे उभे राहायला सांगतील तेथेच उभे राहा.

उत्तर: खर्चलेखक

शिरोलीकरांनी मोजणीचा भाग सांगितला आहे, मी पैशाचा सांगतो, कारण तुमच्या साहेबांनी खरे तर तोच विचारला आहे.

फौंड्रीतील रिजेक्शनचे वेगळेपण असे की बाद झालेला माल वाया जात नाही, तो पुन्हा भट्टीत जातो. त्यामुळे ‘बाद नग गुणिले विक्री किंमत’ असा हिशेब लावला तर नुकसान फुगते आणि ‘धातू तर परत मिळालाच’ असे म्हटले तर ते नाहीसे होते. दोन्ही टोके मी बैठकांमध्ये ऐकलेली आहेत. खरे नुकसान या दोहोंच्या मध्ये असते, आणि ते एकच नसते.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. तुमच्या कंपनीचे आकडे तुम्ही घाला. १२ किलोचे कास्टिंग १२०० रुपयांना विकले जाते असे धरा. त्यात धातू ५४० रुपयांचा, वीज, वाळू, बाइंडर (वाळू बांधून ठेवणारे द्रव्य), पीसरेटची (नगावर दिली जाणारी) मजुरी असा बदलता खर्च ३०० रुपयांचा आणि वाट्याला येणारा स्थिर खर्च २४० रुपयांचा आहे. एकूण खर्च १०८० रुपये. बाद झालेला नग भट्टीत परत गेल्यावर त्याची किंमत ४८० रुपये धरली, तर पारंपरिक कॉस्ट शीट नुकसान ६०० रुपये दाखवील.

आता दोन परिस्थिती वेगळ्या करा. मोल्डिंग लाईनला सवड आहे, म्हणजे बाद नगाच्या जागी दुसरा नग ओतून ऑर्डर पूर्ण करता येते, असे असेल तर कंपनीला जादा पडलेला खर्च ८४० वजा ४८० म्हणजे ३६० रुपयेच आहे. स्थिर खर्च तर तसाही होणारच होता. उलट लाईन तिन्ही पाळ्यांत भरलेली आहे आणि ऑर्डरी थांबलेल्या आहेत, अशा वेळी बाद नगाने एका विकल्या जाणाऱ्या नगाची जागा खाल्ली. तेथे नुकसान १२०० वजा ४८० म्हणजे ७२० रुपये, बरोबर दुप्पट. कॉस्ट शीटमधले ६०० रुपये या दोन्हींपैकी कोणत्याच परिस्थितीचे वर्णन करीत नाहीत. म्हणून अहवालात सर्वप्रथम हे लिहावे लागेल की अभ्यासाच्या काळात लाईन भरलेली होती की रिकामी, आणि ते ठरवण्यासाठी पाळीवार बॉक्सची संख्या आणि थकीत ऑर्डरींची यादी पाहावी लागेल.

तोच नग ग्राहकाकडे मशिनिंग होऊन परत आला तर या प्रत्येक आकड्यात मशिनिंगचा खर्च आणि परतीचे भाडे मिळवा. मशिनिंग २५० आणि भाडे ३६ रुपये धरले, तर ३६० चे ६४६ होतात आणि ७२० चे १००६. तुमच्या साहेबांसमोर ठेवायचा तक्ता हाच: दोष कोठे सापडला यानुसार एका नगाची किंमत. एकदा तो तयार झाला की अंतिम तपासणीत एखादा माणूस वाढवणे परवडेल का, याचे उत्तर त्यांना स्वतःलाच काढता येईल.

विजेबाबत एक सूचना. इंडक्शन भट्टीत एक टन ग्रे आयर्न वितळवायला व्यवहारात साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. पण हा आकडा ओतलेल्या धातूचा आहे, विकलेल्या कास्टिंगचा नाही. रनर-रायझर (धातू साच्यात पोहोचवणाऱ्या वाटांत गोठून राहणारा भाग) धरून यील्ड (ओतलेल्या धातूपैकी कास्टिंगचा वाटा) ६० टक्के असेल, तर १२ किलोच्या कास्टिंगसाठी २० किलो धातू वितळवावा लागतो आणि टनाला ६०० युनिट धरल्यास त्या एका नगामागे १२ युनिट जातात. ७ नव्हे. वाणिज्याचे विद्यार्थी येथे हमखास कास्टिंगचे निव्वळ वजन घेतात.

डेबिट नोटांची बेरीज रिजेक्शनशी जुळणार नाही, ती जुळवण्याचा अट्टहासही करू नका. त्यांत दरातील फरक, वजनातील तूट, पॅकिंगबद्दलची कपात, उशिरा पुरवठ्याचा दंड असे बरेच काही मिसळलेले असते. प्रत्येक नोट काढून कारणानुसार गट पाडा. हे काम कंटाळवाणे आहे, पण लेखा विभागात बीकॉम झालेल्या माणसाचा जीव तेथे रमतो आणि विभागातील मंडळीही मग तुम्हाला आपले मानू लागतात. रिजेक्शनपोटी वजा झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष परत आलेला माल यांत तफावत आढळली, तर तेवढे एकच प्रकरण अहवालाला वजन देऊन जाईल. ग्राहकाने पैसे कापले, पण माल परत आलाच नाही, असे घडते.

उत्तर: प्रकल्प_मार्गदर्शक

मी एका व्यवस्थापन संस्थेत प्रकल्पांचे मार्गदर्शन करते, म्हणून केवळ विषयबदलाबाबत आणि प्रश्नावलीबाबत लिहिते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विषय बदलणे बहुतेक संस्थांमध्ये शक्य असते. त्यासाठी कंपनीच्या पत्रकागदावर नव्या विषयाचे शीर्षक, उद्दिष्ट आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी लागते. ते पत्र लवकर मिळवा. आठवा आठवडा उजाडल्यावर साहेब दौऱ्यावर असतात आणि प्रमाणपत्रावर जुनाच विषय छापून येतो. मार्गदर्शकांना भेटताना ‘कंपनीने सांगितले’ एवढेच न म्हणता एका पानाचा आराखडा न्या. कोणते पार्ट, कोणत्या नोंदी, कोणता कालावधी, कोणता तक्ता, हे त्यात असले की सहसा कोणी अडवत नाही.

कामगारांकडून प्रश्नावली भरून घेण्याच्या प्रथेबद्दल माझे मत चांगले नाही. पाळी सुटण्याच्या वेळी सुपरवायझरसमोर भरलेल्या कागदावर ‘तुम्ही कामाबाबत समाधानी आहात का’ याचे उत्तर काय येणार, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु तुमच्या मार्गदर्शकांना सांख्यिकी कसोटी हवी आहे आणि ती मागणी गैर नाही. काय-स्क्वेअर कसोटी दोष आणि कॅव्हिटी यांच्या तक्त्यावर लावा: चार कॅव्हिटींमधील चांगल्या आणि बाद नगांचे प्रमाण एकसारखे आहे, हे तुमचे शून्य गृहीतक. तशीच ती पावसाआधी आणि पावसानंतर यांवरही लावता येईल. प्रत्येक चौकटीतील अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी नसावी, हे पाहा. कमी भरत असेल तर दोषांचे गट एकत्र करा. कसोटीने फरक सिद्ध झाला तरी त्याचे कारण सिद्ध होत नाही, हे निष्कर्षात स्पष्ट लिहा. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके येथेच खोदून विचारतात.

गोपनीयतेचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, तरीही तो येणार आहे. रिजेक्शनची टक्केवारी, ग्राहकांची नावे आणि विक्रीदर या तिन्ही गोष्टी कोणतीही कंपनी ग्रंथालयात ठेवल्या जाणाऱ्या अहवालात येऊ देणार नाही. ग्राहकांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हणा आणि पहिल्या महिन्याचा आकडा १०० धरून पुढील आकडे त्याच्या प्रमाणात मांडा. खरे आकडे असलेली प्रत फक्त कंपनीला द्या.

प्रश्नकर्त्याचे पुढील उत्तर: बीकॉमनंतर_एमबीए

सर्वांचे आभार. विषयबदलाचे पत्र मिळाले आहे आणि मार्गदर्शकांनी आराखडा मान्य केला आहे. दोन पार्ट निवडले असून घरातील रिजेक्शनची नोंद कॅव्हिटीनुसार सुरू केली आहे. फेटलिंगमधील मामांनी बाद नग कॅव्हिटीप्रमाणे वेगळ्या ढिगांत ठेवायला सुरुवात केल्यामुळे मोजणी सोपी झाली.

अडचण ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालात आहे. दोहोंपैकी एका पार्टवर तारखेचा आणि हीटचा उठाव ज्या पृष्ठभागावर आहे, तोच पृष्ठभाग ग्राहक सर्वप्रथम मशिन करतो. त्यामुळे परत आलेल्या नगांवर कॅव्हिटीचा क्रमांक शाबूत आहे, पण तारीख गेलेली आहे. हे नग कधी ओतले गेले, हे कसे ठरवावे? का हा पार्टच सोडून द्यावा?

उत्तर: शिरोलीकर

सोडू नका. तुम्हाला मिळालेली ही सर्वांत कामाची माहिती आहे आणि ती कदाचित गुणवत्ता विभागालाही कोणी लेखी दिलेली नसेल.

तूर्त अंदाज बांधण्यासाठी दोन वाटा आहेत. ग्राहकाच्या मशिन शॉपमध्ये बाद नगाला टॅग लावलेला असतो. त्यावर मशिनिंगची तारीख आणि पुष्कळदा आवक चलनाचा क्रमांक असतो. परतीच्या ट्रकमध्ये ते टॅग निघून पडतात, म्हणून ग्राहकाकडील आपल्या प्रतिनिधीला त्यांचे फोटो पाठवायला सांगा. चलनाचा क्रमांक मिळाला की तुमच्या रवानगी रजिस्टरवरून तो माल कोणत्या दोन-तीन दिवसांच्या उत्पादनातील होता, येथपर्यंत पोहोचता येईल. टॅग नसेल, तर ग्राहकाकडे माल सरासरी किती दिवस पडून राहतो हे विचारून मागे मोजा आणि अहवालात ही तारीख अंदाजित असल्याचे नमूद करा. अशा नगांसाठी दिवसाऐवजी आठवडा हे एकक धरा. पावसाआधी आणि नंतर हा भेद करण्यास तेवढे पुरते, फक्त सीमेवरचा एक आठवडा दोन्हींकडून वगळा.

तारखेचा उठाव मशिन न होणाऱ्या पृष्ठभागावर हलवणे, ही शिफारस तुमच्या अहवालात स्वतंत्रपणे यायला हवी. तिच्यासाठी पॅटर्नमध्ये बदल करावा लागतो आणि ड्रॉइंगवर उठावाची जागा दिलेली असल्यास ग्राहकाची लेखी मान्यताही लागते, त्यामुळे तुमच्या मुक्कामात ती पूर्ण होणार नाही. पॅटर्न शॉपकडून बदलाचा खर्च लेखी घ्या आणि तो खर्चलेखकांच्या तक्त्याशेजारी ठेवा. साहेबांना शॉपमध्ये गाठाल तेव्हा हे दोन कागद बरोबर असू द्या, बाकीचा अहवाल नंतर दिला तरी चालेल.